खिळा मारण्याआधी

आलेलं पत्र:

"गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला १९६१ सालचं आइकलर घर (जोसेफ आइकलर ह्या बिल्डरने बांधलेलं) घेतलं. चार बेडरूम, मधे उघडा चौक, मागच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काचा. घेताना सगळे खूश होते, आता रोज वाद होतात. काँट्रॅक्टर म्हणतो, आतल्या तपकिरी लाकडी भिंतींना पांढरा रंग देऊ, फॉल्स सीलिंग करून त्यात लाइट बसवू आणि चौकावर काच टाकून एक खोली वाढवू. नवरा म्हणतो, एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. तो रोज रात्री जुन्या खुर्च्यांच्या किमती बघत बसतो आणि मला पडदेही लावू देत नाही. सासूबाई-सासरे वर्षातले सहा महिने इथे असतात. सासूबाईंना नीट देवघर हवंय आणि वाईच्या घरातला शिसवी झोपाळा इकडे आणायचाय. माझी तक्रार साधी आहे. फोडणी दिली की सात वर्षांच्या मुलीच्या खोलीपर्यंत वास जातो, आणि थंडीत फरशी अर्धी गरम, अर्धी गार. जुनं जपायचं की घर आपल्या सोयीचं करायचं? ता. क. पुढच्या दाराला कुठला रंग द्यावा?"

— नव्या-जुन्या घराची मालकीण, सनीवेल

काँट्रॅक्टरला आधी थांबवा. हाकलू नका, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात चांगला माणूस सहजी परत मिळत नाही. पण एप्रिलपर्यंत धीर धर म्हणावं. ह्या घरात एक अख्खा पावसाळा (इथला, थंडीतला) काढल्याशिवाय त्याची दुखणी कळत नाहीत. पाणी कुठून झिरपतं, कुठल्या खोलीत पाय गारठतात, संध्याकाळी चारला कुठल्या काचेतून ऊन डोळ्यांवर येतं, हे एका वहीत लिहून ठेवा. ती वही काँट्रॅक्टरच्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त कामाची ठरेल.

तुमच्या घरात तुम्ही तिघं तीन दिशांना ओढताय खरं, पण मला वाटतं, तुमच्यापैकी कुणीच अजून वर छताकडे नीट बघितलेलं नाही. ह्या भागातल्या नेहमीच्या घरात तुम्हाला दिसतो तो जिप्समचा बोर्ड. त्याच्या मागे तारा, पाइप, इन्सुलेशन (ऊन-थंडी अडवणारा थर), आणि वर माळा. भिंतीत चुकीच्या जागी भोक पडलं तर लांबी भरून रंग मारायचा, विषय संपला. तुमच्याकडे माळाच नाही. दिवाणखान्यात मान वर केली की ज्या फळ्या दिसतात त्यांच्या पाठीवर थेट छपराचं आवरण आहे. पायाखाली काँक्रीटचा स्लॅब, आणि त्याच्या पोटात गरम पाण्याचे पाइप. भिंती म्हणजे पाव इंच जाडीचं प्लायवूड. सजावट आणि बांधकाम यांच्यामधे बोटभरही जागा नाही. त्यामुळे फोटोफ्रेम लावायचा खिळासुद्धा कुठेतरी जाऊन लागतो, आणि कुठे लागतो ते आधी माहीत असावं लागतं. बाकीचं पत्र म्हणजे ह्याच एका गोष्टीचा पसारा आहे.

घराची थोडी कुळकथा सांगते, नवऱ्याला माहीत असेलच. जोसेफ आइकलर हा वास्तुविशारद नव्हता. सासरच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात हिशेब बघणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो इथल्याच हिल्सबरो गावी नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने आखलेल्या एका घरात भाड्याने राहिला आणि त्या घराने त्याला झपाटलं. पुढे त्याने चांगले वास्तुविशारद हाताशी धरले, अॅन्शन अँड अॅलन, जोन्स अँड एमन्स, नंतर क्लॉड ओकलंड, आणि मध्यमवर्गीयाला परवडतील अशी सुमारे ११ हजार घरं कॅलिफोर्नियात उभी केली. सुरुवातीच्या वस्त्यांपैकी काही तुमच्या सनीवेलमधल्याच.

एक गोष्ट मात्र नवऱ्याच्या खुर्च्यांपेक्षा मला मोठी वाटते. त्या काळी इथल्या कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतात 'गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये' असं कलम असे, आणि कायद्याने ते निकामी झाल्यावरही बिल्डर ते रीतीने पाळत. आइकलरने ते पाळलं नाही. पैसे आहेत, घर घ्या. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली नाही म्हणून १९५८ साली त्याने तिचा राजीनामा दिला. म्हणजे तुमचं घर नवं होतं तेव्हाही त्याच्या दारात देशपांडे-कुलकर्ण्यांना उभं केलं गेलं असतं. सासूबाईंना हे जरूर सांगा, झोपाळ्याचं बोलणं सोपं होईल.

आता फरशी. अर्धी गरम, अर्धी गार म्हणजे पाइप फुटलाच असं धरून बसू नका. बहुतेक वेळा एखाद्या भागाची झडप बंद असते, नाहीतर पाइपात हवा अडकलेली असते. गरम पाण्याच्या स्लॅबचं काम करणारा जाणता माणूस बोलवा (साधा प्लंबर नको, तो लगेच 'हे बंद करून टाका' म्हणेल) आणि त्याला प्रेशर टेस्ट करायला सांगा. दाब टिकला तर झडपा जुळवून काम भागेल. दाब उतरला तर गळती शोधायची उपकरणं असतात, जागा सापडते, तेवढाच स्लॅब फोडून सांधता येतो. काही घरांत हे पाइप तांब्याचे आहेत, काहींत पोलादी. पोलादी असतील तर मात्र आज इथे, उद्या तिथे असं सुरू होतं. तसं असेल तर पाइपांचा मोह सोडून हीट पंपाचा (गरम आणि गार दोन्ही हवा देणाऱ्या विजेवरच्या यंत्राचा) विचार करा. उन्हाळ्यात गारवाही मिळेल, जो ह्या घरांना मुळात दिलेलाच नव्हता.

ही टेस्ट झाल्याशिवाय नवी फरशी घालू नका, आणि पाइप कुठून जातात ते कळेपर्यंत जमिनीत काहीही ठोकू नका. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका घरात मी स्वयंपाकघराच्या मधला ओटा जमिनीला बोल्टने पक्का करायचं ड्रॉइंग काढलं. भूकंपाचा प्रदेश, म्हटलं घट्ट असू दे. पाइपांचा नकाशा करायची आठवण मला राहिली नाही. तिसऱ्या भोकाला ड्रिलचा आवाज बदलला, आणि भोकातून पाणी वर आलं. कारंजं वगैरे नाही. शांतपणे, वाटी भरावी तसं. सुतार माझ्याकडे बघत होता आणि मी पाण्याकडे. पाइप जेमतेम इंचभर खाली होता. तो खर्च मी माझ्या फीमधून भरला, आणि त्या घरच्या आजी पुढे प्रत्येक भेटीत मला पाणी विचारायच्या आधी खुदकन हसायच्या.

तेव्हापासून माझा नियम आहे. थंडीच्या सकाळी, फरशी पूर्ण गार असताना हीटिंग सुरू करायचं आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने खोलीखोलीचे फोटो काढायचे. पडद्यावर पाइपांच्या वळणदार रेषा उमटत जातात, अगदी ठिपक्यांची रांगोळी कुणीतरी आतून काढत असल्यासारख्या. कॅमेरा नसेल आणि फरशी उघडी असेल तर एक गावठी उपाय आहे. ओल्या फडक्याने एकसारखं पुसून घ्या आणि बघत बसा. पाइपावरची जागा आधी वाळते. त्या रेषा मोजून घराच्या आराखड्यावर उतरवा आणि तो कागद बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. गालिच्याच्या कडेची खिळ्यांची पट्टी असो, सरकत्या दाराची खालची खाच असो, कमोडचे बोल्ट असोत, आधी तो कागद बघायचा.

फरशी कसली घालावी? कोबा. तुमचा स्लॅब घासून पॉलिश करता येण्यासारखा निघाला तर आजोळच्या घरातल्या लाल नाही पण राखाडी कोब्यासारखं काही मिळेल, आणि उष्णता सगळ्यात छान तोच वर देतो. टाइल, कॉर्क, हेही चालतात. जाड गालिचे म्हणजे गरम फरशीला गोधडी पांघरणं. मात्र आत्ताच्या गालिच्याखाली नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल आणि काळा डिंक निघाला तर हात लावू नका. त्या काळच्या अशा टाइलमधे आणि डिंकामधे अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असण्याची दाट शक्यता असते. तुकडा तपासायला पाठवा. घासणं, खरवडणं तर मुळीच नाही. आहे तसं झाकून वर दुसरं घालणं हा बऱ्याचदा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग असतो.

छप्पर मी खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं, कारण पैसे आधी तिथे जायला हवेत. मूळ छपरात इन्सुलेशन जवळजवळ नसतंच. वर डांबर आणि खडी, खाली फळी. उन्हाळ्यात ती फळी संध्याकाळी आठलासुद्धा कोमट लागते. आता त्यावर फोम फवारून पांढरा लेप देतात, किंवा कडक फोमच्या लाद्या घालून वर आवरण टाकतात. दोन्ही चालतात. छपरवाल्याला दोन गोष्टी लिहून द्या. एक, त्याचे खिळे-स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवेत. माळ्याच्या घरांची सवय असलेला माणूस लांब खिळा मारतो आणि त्याचं टोक तुमच्या दिवाणखान्याच्या छतातून डोकावतं. मी एका घरात अशी शंभरेक टोकं मोजली आहेत, घरमालकीण त्यांना 'आमचं तारांगण' म्हणायची. दुसरं, छपराची कड पातळ राहिली पाहिजे. इन्सुलेशनची जाडी कडेला उतरती करता येते. ते केलं नाही तर सगळं घर जाड कडांच्या पराठ्यासारखं दिसायला लागतं.

आणि फॉल्स सीलिंगचा तुमचा प्रश्न इथेच सुटतो. ह्या घरांत विजेच्या तारा बऱ्याचदा छपराच्या फळ्यांवरूनच, आवरणाखालून नेलेल्या असतात. म्हणजे छप्पर उघडं पडेल ते दोन-तीन दिवस ही दिव्यांची नवी ठिकाणं करून घ्यायची संधी. स्वयंपाकघराच्या चिमणीची वाट, हीट पंपाच्या नळ्या, पुढे सोलर हवं असेल तर त्याची पाइपलाइन, सगळं त्या आधी ठरलेलं हवं. छप्पर बंद झाल्यावर आठवलेल्या दिव्याची तार मग तुळईच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून फिरते आणि वीस वर्षं तुमच्याकडे बघून दात विचकते. फॉल्स सीलिंग टाकलंत तर तुळया झाकल्या जातील, छताखालच्या त्रिकोणी काचा अर्ध्या बुजतील आणि छत जिथे आठच फूट उंच आहे त्या बाजूला डोकं लागल्याचा भास होईल. तिथे मी काँट्रॅक्टरच्या पूर्ण विरोधात आहे.

पांढऱ्या रंगाच्या बाबतीत मात्र अर्धीच. आधी हे करून बघा. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडा आणि आतल्या कोपऱ्यात टॉर्च मारा. जिथे साठ वर्षं ऊन पोचलं नाही, धूर पोचला नाही, तिथे ते लाकूड बाहेरच्यापेक्षा उजळ असेल, तांबूस मधासारखं. ते फिलिपाइन महोगनी म्हणून विकलं गेलेलं लाउआन लाकडाचं प्लायवूड. म्हणजे तुमच्या भिंतींच्या काळपटपणातला बराच भाग बहुधा धूळ, जुनं तेल आणि कुणाच्या तरी सिगारेटींचा आहे. कपाटातच हातभर जागेवर सुती फडक्याने मिनरल स्पिरिट (एक प्रकारचं थिनर) लावून पुसून बघा (खिडक्या उघड्या, आणि ती फडकी पसरून वाळवायची, बोळा करून टाकायची नाहीत). फडकं चहासारखं झालं तर समजा, तुमच्या भिंती काळ्या नाहीत, मळक्या आहेत. नंतर लाखेच्या पॉलिशचा पातळ हात. सँडपेपरला मात्र बंदी. वरचा लाकडाचा पापुद्रा इतका पातळ असतो की दोन मिनिटांत आतलं प्लाय दिसतं.

एकदा रंग लावला की तो परत काढणं जवळजवळ अशक्य, म्हणून घाई नको. पण पाण्याने सुजलेलं, आधीच्या मालकाने भोकं पाडलेलं पॅनेल जपून कुणाचं भलं होत नाही. ते काढा, बाहेरची भिंत असेल तर आत इन्सुलेशन भरा, जिप्सम लावा आणि पांढरा द्या. एका खोलीत एक भिंत लाकडी आणि तीन पांढऱ्या हे सुंदर दिसतं. नवऱ्याने नाक मुरडलं तर मुरडू दे. अंधाराचं राहिलेलं काम दिव्यांवर सोडा. जमिनीवर उभे दिवे ठेवून प्रकाश छताकडे फेकला की फळ्यांचा रंग खोलीभर उतरतो. दिवे पिवळसर हवेत, हॉस्पिटलसारखे निळे-पांढरे नकोत.

आता जे कुणीच विचारलं नाही ते. तुमच्या काचांच्या कोपऱ्यात, खाली, बोटाच्या पेरापेक्षा लहान असा कोरलेला शिक्का दिसतो का? नसेल तर ती काच बहुधा मूळची आहे, साधी. फुटली तर सुरीसारखे लांब तुकडे होतात. दारांतल्या आणि जमिनीपर्यंतच्या मोठ्या काचा सुरक्षित प्रकारच्याच हव्यात हा नियम अमेरिकेत १९७७ साली आला, तुमचं घर त्याआधीचं. घरात सात वर्षांची मुलगी आहे, आणि सासरे रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठत असतील. सगळ्या काचा लगेच दुहेरी टेम्पर्ड (फुटल्या तर बारीक बोथट दाणे होणाऱ्या) करणं खिशाला जड जाईल. मग चौकाभोवतीच्या आणि येण्याजाण्याच्या वाटेवरच्या आधी बदला, बाकीच्यांना सेफ्टी फिल्म लावून घ्या. खुर्ची नंतर. हे नवऱ्याला मी सांगितलं म्हणून सांगा.

पडदे लावा हो! ज्या काळाची तो पूजा करतोय त्या काळी ह्या घरांत छतापासून जमिनीपर्यंत चुण्यांचे पडदे असायचेच. एकरंगी, जाडसर सुती, रुळावर सरकणारे आणि काचेच्या बाजूला पूर्ण गोळा होणारे घ्या. झालरी तेवढ्या नकोत.

चौकावर छत नको. तुम्हीच पत्रात त्याला 'चौक' म्हटलंत, तुमच्या जिभेने उत्तर देऊन टाकलंय. रस्त्याकडे जवळजवळ आंधळी भिंत आणि आत उजेडाचा चौक हे वाईत वाढलेल्या बाईला समजावून सांगायची गरज नाही. ती पहिल्याच दिवशी तिथे खुर्ची टाकून बसली असेल. तो झाकला की चारही बाजूंच्या खोल्यांचा वारा जातो, आणि नव्या खोलीतून वाट काढत सगळे ये-जा करणार. चौकाचं एकच पथ्य आहे. त्याची फरशी आणि घरातली फरशी जवळजवळ एका पातळीवर आहेत. ऑक्टोबरात पहिल्या पावसाआधी निचऱ्याची जाळी उघडून पानं काढा आणि बादलीभर पाणी ओतून बघा. तुंबली तर पाणी सोफ्याखाली येतं.

तुळस कुंडीत ठेवा, दगडी वृंदावन बांधू नका. नोव्हेंबरच्या थंडीत तिला उचलून काचेच्या आत घ्यावं लागेल. आणि दिवाळीत आकाशकंदील चौकातच टांगा. जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुचीचे कागदी कंदील १९५१ पासूनचे, ज्यांच्यासाठी लोक डिझायनर दुकानात रांगा लावतात. आपला चांदणीचा कंदील त्यांच्या शेजारी जराही परका वाटत नाही.

फोडणीचा वास. इथे माळा नसल्याचा फायदा होतो, चिमणीचा पाइप सरळ वर, दोन हातांत छपराबाहेर. चिमणी शेगडीपेक्षा रुंद घ्या आणि तिचा पंखा छपरावर बसणारा घ्या, म्हणजे आवाज बाहेर राहील आणि तुम्ही ती खरंच लावाल. आवाजामुळे बंद ठेवलेल्या महागड्या चिमण्या मी इतक्या घरांत बघितल्यात! एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवून चिमणी चालवा, नुसती हवा खेचायला ती आणणार कुठून? तरी कांदाभजीचा, सुरमई तळल्याचा वास राहणारच. त्यासाठी मागच्या अंगणात एक इंडक्शन शेगडी ठेवा. ओट्याला सगळे पांढरा क्वार्ट्झ सुचवतील. पांढरा ओटा आणि हळद यांचं वैर तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा करड्या रंगावर या. जुनी सरकत्या दारांची कपाटं धड असतील तर काढू नका, आतल्या फळ्या नव्या करा. अरुंद जागेत उघडणारं दार कपाळाला लागतं, सरकणारं नाही.

देवघरासाठी मी तीच सरकती दारं उचलेन. भिंतीवर टांगलेलं, त्याच तांबूस लाकडाचं, तीनेक फूट रुंद कपाट. समोर सरकती दारं, तळाला काळ्या दगडाची पाटी, मागे आणि वर टाइल, आणि निरांजनाच्या ज्योतीवर भरपूर मोकळी उंची. लक्षात घ्या, भिंतीचं प्लायवूड वाळून साठ वर्षांचं आहे आणि त्याच्यामागे बऱ्याचदा जिप्समही नसतं. ज्योत त्याच्या जवळ नको. उदबत्तीने स्मोक डिटेक्टर केकाटेल म्हणून कुणीतरी त्याची बॅटरी काढेल. नका काढू देऊ, देवघर त्याच्यापासून लांब घ्या. कपाटाची उंची अशी ठेवा की सासूबाईंचा पाटावर बसून हात पोचेल. जानेवारीत फरशी नीट तापायला लागली की त्या गरम जमिनीवर पाट टाकून पूजेला बसणं हे सुख वाईच्या वाड्यातही नव्हतं, हे त्या स्वतःच म्हणतील.

आणि झोपाळा. शिसवी पाट, पितळी कड्या, त्यावर तीन माणसं: दोनशे किलोच्या वर गेलंच, आणि हे वजन शांत बसत नाही, हेलकावतं. तुमच्या तुळया छप्पर पेलण्यासाठी मोजून केलेल्या आहेत. आहेत त्यापेक्षा दणकट दिसतात, पण मधोमध भोक पाडून आकडा अडकवायची जागा ती नव्हे. आणि फळीत आकडा बसवायचा तर विचारही नको, तो बोल्ट छपरातून वर निघेल आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी टपकेल. स्ट्रक्चरल इंजिनियरकडून एका तुळईचं गणित करून घ्या. वाडे-बंगले बघितलेला नको, ही घरं केलेला हवा. कदाचित तो जास्तीचा खांब देऊन 'हो' म्हणेल. बहुधा नाही म्हणेल. मग चौकात, नाहीतर काचेला समांतर, लोखंडी चौकटीवर झोपाळा टांगा: चार पाय, वर आडवा पाइप, काळा रंग, नक्षी शून्य. चौकट जितकी साधी, तितका शिसवी पाट उठून दिसतो. हे मी दोन घरांत केलंय, आणि दोन्हीकडे पाहुणे सगळ्यात आधी त्यावरच बसतात. काचेपासून झोक्याच्या दुप्पट अंतर सोडा.

नवऱ्याच्या खुर्चीचं आता. चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकी डिझायनर जोडप्याची ती चामड्याची आरामखुर्ची १९५६ सालची. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, ह्याच जोडप्याने भारत सरकारसाठी डिझाइनविषयी एक अहवाल लिहिला, ज्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतभर फिरून बघितलेल्या वस्तूंपैकी त्यांनी सगळ्यात सुंदर म्हणून कशाचं नाव घेतलं असेल? लोट्याचं. आपल्या तांब्याचं. कडेवर कसा घेतात, पाणी ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत कसा जातो, असा त्याचा विचार त्यांनी केला होता. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या ट्रंकेतली तांब्या-पितळेची भांडी ह्या घरात पाहुणी म्हणून येत नाहीत. घंगाळात झाड लावा, तांब्या जेवणाच्या टेबलावर वापरात ठेवा, काचेच्या कपाटात नको. सोलापुरी चादरीच्या चौकड्या कोचावर टाका, खणाचे अभ्रे करा. एका वेळी एक-दोनच नमुने; तीनच्या वर गेलं की घराचं हस्तकला प्रदर्शन होतं. खुर्ची त्याला घेऊ दे, पण एकच, आणि काचा झाल्यावर. बाकी सामान जुन्या बाजारातून घ्या, बुटकं आणि पायांवर उचललेलं. खालून फरशी दिसत राहिली की खोली मोठी वाटते. उंच कपाट घेतलंत तर भिंतीला आवळा, इथे जमीन हलते.

परवानगीचं थोडक्यात: सनीवेल शहराने आइकलर वस्त्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं केलेली आहेत. रस्त्याकडून दिसणारं काहीही बदलण्याआधी प्लॅनिंग विभागात जाऊन या. आतली भिंत काढायची असेल तरी परवानगी आणि इंजिनियर हवाच. भार खांब-तुळयांवर असतो हे खरं, पण तो खांब कधी कधी त्याच भिंतीच्या टोकात दडलेला असतो.

राहिलं दार. केशरी, मोरपंखी, मोहरीसारखा पिवळा, सगळे शोभतात, आणि शेजाऱ्यांचे रंग बघून एक निवडता येईल. पण त्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीवरची ती लहान धातूची पट्टी सोडवा, जिच्यात कुलपाची जीभ जाते. रंगारी सहसा ती काढत नाहीत, वरूनच ब्रश मारतात, त्यामुळे तिच्याखाली जुने रंग जसेच्या तसे असतात. खरवडू मात्र नका, १९७८ आधीच्या रंगात शिसं असू शकतं. नुसतं बघा आणि फोटो काढा. सगळ्यात खालचा रंग आवडला तर तोच द्या. नाही आवडला तर मुलीला विचारा. पट्टीखाली काय निघालं ते मला मात्र कळवा, सनीवेलच्या त्या बाजूला मी आतापर्यंत एक फिरोजी आणि दोन केशरी बघितलेत.